निम्म्यातच आले असते

"थांबा, मिसळू नका!"

डाव संपला रे संपला, की बाईंचा उजवा तळहात टेबलावरच्या पत्त्यांवर असा सपाट पडायचा. जिंकलेली आपले चिंचोके ओढायला वाकलेली, हरलेल्या आपले पत्ते गड्डीत खुपसून मोकळ्या व्हायच्या घाईत, आणि मध्येच हा गोरा, निळ्या शिरांचा हात. हेडफोन लावून लावून केस डोक्याला चपट बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला आणि चेहरा मात्र पंगतीत जिलबी आल्यासारखा खुललेला. आमचा खेळ संपलेला असायचा. त्यांचा सुरू होत असे.

"सगळ्यांनी पत्ते उघडा. पॅक केलेल्यांनीसुद्धा. आणि सांगा बघू, किती लावलं आणि का लावलं?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटर होतो. तुमच्यातल्या ज्यांनी कोल्हापूरचा कॉल बुक करून दिवसभर फोनसमोर बसून काढला असेल, त्यांनी आम्हाला भरपूर शिव्या घातल्या असणार. असो. पोचल्या सगळ्या.

स्प्लिट ड्यूटी नावाचा एक छळ तेव्हा आमच्या नशिबी होता. सकाळी अर्धी ड्यूटी, संध्याकाळी अर्धी, आणि मधली दुपार मोकळी. डोंबिवलीला घरी जावं तर पाठ टेकायच्या आत परत निघायची वेळ. मग आम्ही वरच्या मजल्यावरच्या विश्रांतीच्या खोलीत पडून असायचो. दोन खाटा, एक लोखंडी टेबल आणि कुरकुरणारा पंखा. तिथेच आमचा तीन पत्तीचा अड्डा जमला.

हो, तीन पत्ती! सासूबाईंना पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "बायकांनी? तीन पत्ती?" मी म्हटलं, "अहो, चिंचोक्यांनी खेळतो." तरी दोन दिवस माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मी मंगळसूत्र पणाला लावून आलेय.

चिंचोके मंदाचे. मंदा ठाण्याच्या कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची. तिच्या घरामागे चिंचेचं झाड होतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून तिने चिंचोके आणले आणि आमचं भांडवल उभं राहिलं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकीला तीन पानं. आधी सगळ्यांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. मग ज्याला वाटेल त्याने आणखी लावायचे, त्याला चाल म्हणतात. नको वाटलं तर पानं ठेवून द्यायची, म्हणजे पॅक. शेवटी उरलेल्या दोघींनी पानं दाखवायची, मोठं पान जिंकलं. यात डोकं ते काय लागतं, असं मलाही वाटायचं. बाई भेटेपर्यंत.

बाई आमच्यात सगळ्यांत सीनिअर. नाव होतं, आडनाव होतं, पण कोणी घेत नसे. पंचेचाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण आणि संसार मार्गी लावता लावता यांचं राहून गेलं. भाऊ नागपूरला. बाई आणि त्यांची आई कळव्याला दोन खोल्यांत राहायच्या. बोलणं एकदम स्वच्छ, पुणेरी. ट्रंक बोर्डावर कितीही डोकं फिरवणारा माणूस असला तरी बाईंचा आवाज चढायचा नाही. माझा लगेच चढायचा. माझ्याविरुद्ध तक्रारी यायच्या आणि बाईंसाठी दिवाळीला लोक मिठाई पाठवायचे. हा अन्याय मी बरीच वर्षं सहन केला.

एकदा मला तीन नव्व्या आल्या. एकासारखी एक तीन पानं म्हणजे ट्रेल, त्याच्यावर फार काही नसतंच. मला घाम फुटला. मी मूठभर चिंचोके धाडकन मध्ये टाकले. मंदाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पानं ठेवली. बाईंनीही ठेवली. चौथी कोण होती आठवत नाही, तिनेही ठेवली. झालं! मला मिळाले काय, तर सुरुवातीचे एकेक चिंचोके.

"थांबा, मिसळू नका." हात आलाच. "मंदाकडे जोडी होती. म्हणजे ती थोडी थांबणार होती. तू किती लावायला हवे होतेस?"

"मला काय माहीत तिच्याकडे जोडी आहे ते!"

"तिने पानं बघून पदर सारखा केला. काहीच नसलं की ती पदराला हात लावत नाही. दोन लाव, ती दोन लावील. मग तीन लाव. मांजराला दूध पाजायचं तर पातेलं आपटत जायचं असतं का गं?"

"मी आपटलं?"

"तू नेहमीच आपटतेस. राग आला तरी आपटतेस, आनंद झाला तरी आपटतेस. तुझी पानं बघायलाच लागत नाहीत, मूठ बघितली की पुरे."

मंदा इतकी हसली की खाटेवरून पडायची बाकी होती. मला राग आला आणि मी डबा आपटला. मग त्या दोघी आणखी हसल्या.

मंदाची तऱ्हा उलटी. हातात दुर्री, सत्ती, अठ्ठी असं भंगार असताना ती शांतपणे पाच-सहा चिंचोके सरकवायची आणि आम्ही सगळ्या पळायचो. पानं उघडली की बाई टाळी वाजवायच्या. "शाब्बास! हे कुठे शिकलीस?"

"त्यात काय शिकायचा बाई? म्हावरा घेऊन बसल्यावर भाव सांगताना हसायचा नाय."

बाईंना हे वाक्य इतकं आवडलं की त्या महिनाभर कोणालाही ऐकवत होत्या.

खरं सांगते, कधीकधी डाव पाच मिनिटांचा आणि त्याचं हे पोस्टमॉर्टेम अर्ध्या तासाचं व्हायचं. संध्याकाळच्या ड्यूटीची वेळ झाली तरी बाईंचं संपलेलं नसायचं. बोर्डावर शेजारी बसल्या की एका हातात कॉल जोडायची कॉर्ड धरून हळूच म्हणायच्या, "दुपारी तू तिसऱ्या चालीला वाढवायला नको होतंस हं," आणि लगेच तोंडासमोरच्या माइकमध्ये, "हं पुणे, बोला." आम्ही चिडायचो, नाकं मुरडायचो, पण त्या नसल्या की खेळ बेचव लागायचा. कोणी हात ठेवायला नसे, पत्ते मिसळून जायचे आणि आपण का हरलो तेही कळायचं नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या खेळाचं सांगते. बाई एक चिंचोका लावायच्या. पान कसंही असो, एकच. फारच डोक्यावरून पाणी गेलं तर दोन. राजाराणीचा सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लागलेली तीन मोठी पानं, हातात असताना मंदाने चार लावले, म्हणून बाईंनी पानं ठेवून दिलेली मी या डोळ्यांनी पाहिलीयत. उघडल्यावर आम्ही दोघी किंचाळलो.

"बाई, एवरा चांगला पान हातात असून पॅक?" मंदा म्हणाली. "तुमी कवा जास्ती लावतच नाय."

"मला पुरतं तेवढं," बाई म्हणाल्या आणि तिच्या चालीबद्दल विचारायला लागल्या. सगळ्यांच्या चुका त्यांना आरशातल्यासारख्या लख्ख दिसायच्या. आपल्या चुकीवर मात्र त्यांनी कधी तळहात ठेवला नाही. आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही, पण त्या विषय बदलण्यात पटाईत होत्या.

आणि मग शहाडचं स्थळ आलं.

कल्याणला राहणाऱ्या मावसबहिणीने आणलं. गृहस्थ विधुर, पन्नाशीचे, मूलबाळ नाही. शहाड स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि क्लासच्या मागेच राहायची जागा. मावसबहिणीच्या घरी भेट झाली, उपमा झाला. बाईंनी आम्हाला सगळं सांगितलं, अगदी तोंडभरून. "ते म्हणाले, दिवसभर मशीनांचा खडखडाट असतो, तुम्हाला चालेल का? मी म्हटलं, माझ्या कानांत दिवसभर अख्खा महाराष्ट्र ओरडत असतो, मशीनं परवडली. हसले गं ते. खूप हसले."

असं म्हणताना बाईंनी पदर सारखा केला. मंदाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. आम्हाला दोघींना कळायचं ते कळलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी बाई आल्या, डबा उघडला, भेंडीची भाजी आम्हा दोघींच्या डब्यांत वाढली आणि पोळीचा घास मोडता मोडता म्हणाल्या, "शहाडला नकार कळवला हं. मावसबहिणीकडून निरोप दिला."

"का?" मी ओरडलेच.

"आईला एकटीला कळव्यात टाकून कशी जाऊ? आणि क्लासच्या मागच्या त्या दोन खोल्यांत तिला नेणं बरं नाही दिसत. जाऊ दे. त्यांच्या बहिणीलाही घाई आहे, दुसरी स्थळं बघतायत म्हणे ते. बरंच आहे." आणि त्यांनी पिसायला पत्ते काढले.

मी तुम्हाला आधीच सांगितलंय, माझा आवाज लवकर चढतो. पण त्या दिवशी चढला नाही. मी आपला तळहात त्या पत्त्यांच्या गड्डीवर ठेवला.

"थांबा, बाई. मिसळू नका. आधीचा डाव उघडा."

"कुठला डाव?"

"शहाडचा. सांगा, किती लावलं आणि का लावलं?"

बाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. "काहीच नाही लावलं," म्हणाल्या. "पॅक केलं."

"पान कसं होतं?"

बाईंनी चष्मा काढला. "चांगलं होतं गं," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं आत्ताच्या आत्ता शहाडला जाऊन त्या माणसाला कॉलर धरून आणावं. मंदाचं डोकं ताळ्यावर होतं. तिने बाईंना पाणी दिलं आणि विचारलं, "आईनी काय सांगला?"

"आईला विचारलंच नाही. तिला कशाला त्रास? तिच्या मनात काय आहे मला माहीत आहे."

"घ्या!" मी म्हटलं. "समोरचीची पानं न बघताच पॅक!"

लगेचच्या रविवारी मी आणि मंदा कळव्याला त्यांच्या घरी थडकलो. मंदाने आजींसाठी अबोलीचा गजरा नेलेला. आजी खिडकीशी बसून वाती वळत होत्या. सत्तरी पार केलेल्या, पण कणखर. बाई चहा करायला आत गेल्या आणि मी, जराही आडवळण न घेता, म्हटलं, "आजी, बाईंना शहाडचं चांगलं स्थळ आलेलं. त्यांनी तुमच्यासाठी नाही म्हटलं."

आजींच्या हातातला कापूस खाली पडला. "माझ्यासाठी? मला कोणी विचारलं?"

"तुम्ही एकट्या पडाल म्हणून."

"मी एकटी पडेन?" आजींचा आवाज एवढा चढला की मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "अगं, माझी वाईची बहीण चार वर्षं मला बोलावतेय! मोठं घर आहे, अंगण आहे, दोघी विधवा सुखाने राहू म्हणते. मी गेले नाही, का? तर ही पोर इथे एकटी पडेल! हिला साधा कुकर लावायला सवड नसते! हिच्यासाठी मी इथे खाडीचा वास घेत बसलेय!"

"खाडीला काय झाला?" मंदा फणकारली.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं असावं. त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला आणि आईसमोर जमिनीवरच बसल्या.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस!"

मग दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून आधी रुसल्या, मग हसल्या आणि मग रडल्या. चहा निवला. मी आणि मंदाने तो तसाच पिऊन टाकला, दुसरं काय करणार?

पण बाईंची गाडी तरी अडलीच. "झालं ते झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी नाही म्हटलंय. ठेवलेलं पान उचलायचं नाही. नियम आहे."

हा त्यांचाच नियम. पोस्टमॉर्टेममध्ये काहीही निघालं तरी झालेला डाव फिरवायचा नाही. यावरून आमची शंभरदा भांडणं झालेली आणि दरवेळी त्याच जिंकलेल्या.

"मंग नवा डाव वाटा," मंदा म्हणाली. "मावसबहिणीला मधी घ्यायचा नाय. तुमी सवता जा शहाडला."

"मी? मी जाऊन काय बोलू?"

"एक चिंचोका घेऊन जाऊ नका, एवढंच सांगते," मी म्हटलं.

आजी वाती वळायला लागल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ती निळी साडी नेस."

मंगळवारी बाईंचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. बुधवारी दुपारी मी आणि मंदा त्यांच्या आधी वर जाऊन बसलेलो. बाई आल्या. पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला, चिंचोक्यांचे दोन ढीग केले, एक स्वतःपुढे आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"हे ते," म्हणाल्या. "ही मी. आता नीट बघा आणि कुठे चुकलं ते सांगा."

अशी गंमत मी जन्मात पुन्हा पाहिली नाही. शहाडचा अख्खा डाव बाईंनी आमच्यापुढे मांडला.

"मी गेले. क्लास चालू होता. आठ-दहा मुली खडाखडा टाइप करत होत्या. ते मला बघून उठले. मी म्हटलं, इकडे काम होतं, सहज आले." बाईंनी एक चिंचोका पुढे सरकवला.

"वाटलंच!" मी कपाळावर हात मारला.

"बोलू दे गं. ते म्हणाले, बरं झालं आलात, चहा घेणार?" समोरून एक चिंचोका. "मी म्हटलं, घेईन. तुमची मशीनं छान ठेवलीयत." आणखी एक. "ते म्हणाले, जुनी आहेत हो." एक. "समोरच्या टपरीवरून चहा आला. मग कोणीच काही बोलेना. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं."

"घड्याळाकडं कशाला?" मंदाने विचारलं.

"बॅच बदलायची वेळ झाली असेल. ते राहू दे. पण मला ना, एकदम वाटलं, की हा डाव आता संपणार. चहा संपला की संपला. मी उठणार, नमस्कार करणार आणि पुन्हा आपलं कळवा. आणि मग..." बाईंनी दोन्ही हातांनी आपल्यापुढचा सगळा ढीग मध्ये ढकलला. चार-दोन चिंचोके टेबलावरून खाली गेले. "मी म्हटलं, मी नकार कळवला ते चुकलं माझं. आई वाईला जातेय. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमची इच्छा असेल तर."

मंदाने माझा दंड घट्ट धरला.

"खडखडाटात ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने बोलले. आणि नेमकी तेव्हाच सगळी मशीनं थांबली."

"अगं आई गं!"

"दहा मुली माझ्याकडे बघतायत. त्यांच्या हातातला कप कलंडला, चहा सगळा टेबलावर, कोणाच्या तरी पेपरवर. ते पुसायला लागले. हातरुमालाने पुसतायत, पुसतायत. आणि पुसता पुसता म्हणाले, हो. चालेल. म्हणजे, आवडेल."

मंदाने बाईंना मिठीच मारली. मी खाली सांडलेले चिंचोके गोळा करायला टेबलाखाली शिरले, कारण मला रडू आलेलं आणि ते दाखवायचं नव्हतं. वर आले तर बाईंचा तळहात टेबलावर.

"थांबा, मिसळू नका. चूक सांगते माझी. मी फार लावलं. घाई केली. तोंडावर दिसत होतं गं त्यांच्या. निम्म्यातच आले असते!"

आणि मग त्या जे हसल्या! त्या दिवशी संध्याकाळी बोर्डावर बसल्या तरी हसतच होत्या. नाशिकच्या ऑपरेटरने विचारलं म्हणे, आज ठाण्याला काय झालंय?

लग्न रजिस्टर झालं. सही करताना साक्षीदारांत मंदा आणि मी. आजी वाईला गेल्या आणि तिथून बहिणीच्या तक्रारी करायला लागल्या, म्हणजे मजेत होत्या. बाई शहाडहून ड्यूटीला यायच्या. रंग उजळला, डब्यात दोन भाज्या दिसायला लागल्या. खेळात मात्र पुन्हा एकच चिंचोका! आम्ही ओरडलो तर म्हणायच्या, "एकदा लावले ना सगळे? बस झालं." आणि नवी कोणी ऑपरेटर आली, की तिला शहाडचा डाव ऐकवायच्या. चिंचोके मांडून, घड्याळासकट, सांडलेल्या चहासकट. शेवटचं वाक्य ठरलेलं. "निम्म्यातच आले असते!" आणि तेच ते हसणं.

पुढे गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ झाले. लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले, आमचं बोर्ड ओस पडत गेलं. स्प्लिट ड्यूटी गेली, ती खोलीही कुणा साहेबाची केबिन झाली. बाई रिटायर झाल्या. पत्र्याचा डबा माझ्याकडे राहिला. मी कधीमधी तो घेऊन डोंबिवलीहून शहाडला जायचे. सरांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, बाईंनी तीन पत्ती शिकवलेली. ते इतकं वाईट खेळायचे, की माझाही जीव सुखावायचा.

अशाच एका दुपारी बाई खाली पाव आणायला गेलेल्या. मी आणि सर, दोघेच. समोर पत्ते. मी सहज म्हटलं, "सर, खरं सांगा, निम्म्यात आला असतात ना?"

सरांनी जिन्याकडे पाहिलं. पावलं वाजत नव्हती. मग हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगणार नसाल तर सांगतो. त्या संध्याकाळी मला बदलापूरला जायचं होतं. बहिणीने तिकडचं स्थळ पक्कं केलं होतं, मी होही म्हटलेलं, फक्त जाऊन बोलणी व्हायची होती. गाडीची वेळ होत आली म्हणून मी घड्याळ बघत होतो. ती एक शब्द जरी कमी बोलली असती ना, तर मी तिला चहा पाजून स्टेशनपर्यंत सोडलं असतं आणि कल्याणला जाऊन बदलापूरची गाडी पकडली असती."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. "आणि तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाहीत?"

"तिला ती गोष्ट सांगताना बघितलंय ना तुम्ही?" सर म्हणाले. "निम्म्यातच आले असते म्हणते आणि किती हसते. तिला वाटतं, मी पहिल्यापासून तिचाच होतो. असू दे ना."

तेवढ्यात बाई आल्या. पाव ठेवले, हात धुतले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. डाव झाला. सर हरले. मी पत्ते गोळा करायला गेले, तर आलाच तो तळहात, आता बराच सुरकुतलेला.

"थांबा, मिसळू नका. सगळ्यांनी उघडा."

मी माझी तीन पानं उघडली. सरांनी त्यांची उघडली. बाईंनी चष्म्यावरून आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? गप्प का दोघं?" सर म्हणाले, "पाव गरम आहेत का गं?" आणि मी म्हटलं, "बाई, भूक लागलीय." बाईंना लपवलेलं पान एरवी लगेच कळायचं. त्या दिवशी कळलं की नाही, देव जाणे. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

नव्वदचं दशक संपता संपता बाई गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलेले, तेव्हा शेजारच्या एका सुनेला त्या तोच डाव सांगत होत्या. चिंचोके नव्हते म्हणून शेंगदाणे मांडून. शेवटी दोन्ही हातांनी ढीग ढकलला, हसल्या, आणि त्यातले शेंगदाणे आम्हाला खायला दिले.

पुढे तेराव्याला मंदा भेटली. मी डबा नेलेला. आम्ही दोघींनी बाईंच्या खोलीत बसून एक डाव खेळला. संपला तेव्हा दोघींचेही हात पत्त्यांकडे जायचे थांबले. आम्ही वाट बघत बसलो. मग मंदाने हळूच पत्ते मिसळून टाकले.

त्या खोलीत ते पान उघडायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सर पलीकडेच बसले होते, म्हणून राहिलं. आता तेही नाहीत. आज तुमच्यापुढे उघडते, कारण पॅक केलेल्यांनीसुद्धा उघडायचं असा नियम आहे आणि नियम बाईंचा आहे.

बाई, तुमचा हिशेब तेवढा एकदाच चुकला. बरोबर लावलं होतंत तुम्ही. एकही चिंचोका जास्त नव्हता.